गावासाठी दर आठवड्याला आरोग्याचं एक पान काढायचंय? मग सुरुवात अशी करा

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. गावच्या वाचनालयाच्या फळ्यावर गेली तीन वर्षं दर बुधवारी आम्ही एक पान लावतो. त्यात एक घरगुती उपाय, दोन-तीन आरोग्याच्या बातम्या आणि खाली एक विनोद, बास. आता आजूबाजूच्या गावातनं बचत गटाच्या बायका, वाचनालयवाले, शाळेतले गुरुजी विचारायला लागलेत की आम्हालाबी असं काढायचंय, कसं करायचं सांगा. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यातनं आलंय. आमचं चौथं की पाचवं पान असेल, मी त्यात लिहिलं होतं की शुगरवाल्यांनी रोज सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रस घ्यावा. एवढंच. किती, कुणी, गोळ्या चालू असतील तर काय, काही नाही. शेजारच्या आळीतल्या तात्यांनी वाचलं, सकाळी शुगरची गोळी घेतली, वर पेलाभर रस प्यायले आणि काही न खाता उसाला पाणी पाजायला गेले. बांधावरच घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, डोळ्यापुढं अंधारी. बरोबरच्या पोरानं खिशातलं चॉकलेट तोंडात घातलं म्हणून निभावलं. गोळीनं शुगर उतरते, वर कारलं आणि पोट रिकामं, मग ती नको तितकी खाली जाणारच. तात्या मला एका शब्दानं बोलले नाहीत, उलट म्हणाले, "तू लिवलंयस म्हटल्यावर बरोबरच असणार म्हणून घेतलं." ते वाक्य माझ्या डोक्यातनं अजून गेलेलं नाही. फळ्यावर लागलेलं माणसं खरं मानतात, वरनं आपण ओळखीचे असतो म्हणून जास्तच मानतात.

तेव्हापासनं आमचा नियम असा, की उपाय कुठलाबी असू दे, त्याखाली तीन ओळी पाहिजेतच. कुणी करायचा, किती करायचा आणि काय झालं की थांबून डॉक्टरकडं जायचं. या तीन ओळी लिहिता येत नसतील तर तो उपाय पानात घ्यायचा नाही.

१. वार आधी ठरवा

आमच्यात बाजार गुरुवारी भरतो, म्हणून पान बुधवारी. कारण साधं आहे, पानात आवळा किंवा नाचणी लिहिली तर दुसऱ्या दिवशी बाजारात घेता येते. बाजार झाल्यावर लिहून काय उपयोग, आठ दिवसात माणूस विसरतो. तुमच्या बाजाराच्या आदल्या दिवशीचा वार धरा आणि तो चुकवू नका. लग्नसराई असली की दोन ओळींचं पान काढा, पण काढा.

२. काय काय लागतं

- एक जाड वही. कुठली माहिती कुठनं घेतली, कुणाला विचारली, तारीख काय, सगळं त्यात लिहायचं
- ए-फोर कागद आणि जाड काळं पेन, किंवा डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर टाईप करून देणारा कुणीतरी
- झेरॉक्सला महिन्याचे दोन-तीनशे रुपये, आम्ही बचत गटातनं काढतो
- औषधाच्या बाटलीवरचं ५ मिलीचं माप. हे का लागतं ते पुढं सांगते
- ग्रामपंचायत, वाचनालय, डेअरी जिथं पान लावणार तिथल्या माणसाची आधी परवानगी, तोंडी चालते पण घ्या
- पान तपासून देणारा एक डॉक्टर

३. तपासणारा माणूस आधी शोधा, पान नंतर

हीच पायरी लोक गाळतात. गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर असतात, नाहीतर तुमचा नेहमीचा फॅमिली डॉक्टर. त्यांना जाऊन सांगायचं, आठवड्यातली दहा मिनिटं द्या, आम्ही लिहिलेलं फक्त वाचा आणि चुकलेलं खोडा. आम्हाला पहिल्या दोघांनी वेळ नाही म्हणून सांगितलं, तिसऱ्या मॅडम हो म्हणाल्या. ओपीडीच्या गर्दीत जाऊ नका, दुपारी जावा.

आणि आशाताईंना सोडू नका. घराघरात काय चाललंय हे जेवढं त्यांना माहीत असतं तेवढं कुणालाच नसतं. कुठल्या आळीत ताप आहे, कुठली पोरगी रक्तवाढीच्या गोळ्या खात नाही, कुठल्या घरात बाळाला काय चाटवतात. आमचे निम्मे विषय आशाताईच देतात.

४. उपाय निवडणं, आठवड्याला एकच

दहा टिपा टाकायचा मोह होतो. टाकू नका. एक उपाय नीट सांगितला तर दहा घरात होतो, दहा सांगितले तर एकबी होत नाही.

विषय ऋतू बघून घ्या. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं, ताक, सब्जा, दुपारी रानात न जाणं, आणि अंग तापलंय, बडबड चाललीय, शुद्ध हरपतीय अशी उष्माघाताची लक्षणं. जत-आटपाडीकडं तर हे मार्चपासनंच घ्या. पावसाळ्यात पाणी, डास, साप. थंडीत तीळ, बाजरी, टाचांच्या भेगा. द्राक्षाच्या दिवसात द्राक्षं वाहत्या पाण्याखाली नीट धुवून खायची हे आमच्या भागात दरवर्षी सांगावं लागतं, बागेतनं तोडून तशीच तोंडात टाकायची सवय आहे सगळ्यांना.

आता तीन ओळी कशा लिहायच्या ते जुलाबाचं उदाहरण घेऊन सांगते. घरात ओआरएसचं पाकीट नसेल तर उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, त्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आता चमचा म्हणजे कुठला? इथंच घोळ होतो. पोह्याचा चमचा मोठा, चहाचा लहान, मसाल्याच्या डब्यातला आणिक वेगळा, आणि मीठ जास्त पडलं तर लहान पोराला ते पाणी उलट बाधतं. म्हणून ते ५ मिलीचं माप. आम्ही पानावर लिहिलं, औषधाच्या झाकणावर ५ ची खूण असते त्या मापानं घ्या, वर शीग नको, बोटानं सपाट करा. कुणी घ्यायचं तर लहानथोर सगळ्यांनी, थोडं थोडं, दर जुलाबानंतर. केलेलं पाणी २४ तासात संपवायचं, उरलं तर ओतून टाकायचं. आणि डॉक्टरकडं कधी, तर शौचात रक्त दिसलं, पोर पाणीबी पीत नाही, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, पोर मलूल पडलं तर लगेच, वाट बघत बसू नका. लहान पोरांना सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात, त्या आशाताईंकडं मिळतात.

त्याच पानावर आम्ही डॉ. दिलीप महालनबीस यांची गोष्ट दिली होती. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आली, तेव्हा त्यांनी असं मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. लोकांना गोष्ट लक्षात राहते, आणि गोष्टीमागनं माप लक्षात राहतं. आमच्या पारावरच्या अण्णांना आजबी विचारा, सहा आणि अर्धा म्हणून सांगतील.

हळदीचं पण असंच आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे या भागाचा खास माल असल्याचं सरकारी मानांकन मिळालं, हरिपूरला जमिनीखाली पेवं खणून हळद साठवायची पद्धत होती हे आपल्याकडं म्हाताऱ्या माणसांना सगळं पाठ, त्यामुळं हळदीवर काही लिहिलं की पान हमखास वाचतात. अमेरिकेत १९९५ साली हळदीनं जखम भरते यावर पेटंट दिलं होतं, आपल्या सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेनं, तेव्हा डॉ. माशेलकर तिचे प्रमुख होते, जुने पुरावे दाखवून ते लढवलं आणि १९९७ ला रद्द झालं, हे आवर्जून सांगा. पण त्याच पानावर हेबी लिहा की हळदीत करक्युमिन असतं साधारण ३ टक्के आणि ते अंगाला नीट लागत नाही, मिरी घातली तर जास्त शोषलं जातं. म्हणजे रोजच्या भाजी-आमटीतली हळद उत्तम, रात्री दुधात चिमूटभर उत्तम, पण म्हणून डब्यातल्या हळदीच्या कॅप्सूल मूठमूठ खाऊ नका, त्यानं काही जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधी विचारा. आणि खोल जखमेत हळद दाबून भरू नका, ती साबण-पाण्यानं धुवून दवाखान्यात जावा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

हे उपाय आमच्या पानात कधीच येत नाहीत, तुम्हीबी घेऊ नका:

- वर्षाच्या आतल्या बाळाला मध. घुट्टीत, बोटानं चाटवून, कसाच नाही. मधातल्या जंतूंमुळं बोटुलिझम नावाचा जिवावरचा आजार होऊ शकतो. यावर घरातल्या आज्ज्या रागावतात, तरी लिहाच
- कडू लागलेल्या दुधीचा रस. दुधी कडू लागला की एक घोटबी गिळायचा नाही, टाकून द्यायचा. कडू दुधीनं रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावलीत
- भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, तूप. फक्त साधं वाहतं पाणी, २० मिनिटं. बर्फबी नको
- सुजेवर बिब्बा. कातडी जळते, फोड येतात
- डोळ्यात मध, लिंबू, कुठल्याबी पानाचा रस
- दातदुखीवर मिश्री. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आपल्याकडच्या कितीतरी बायकांना ती लागली ती दात दुखतोय म्हणूनच. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर पानावर कायमचा ठेवा

नैसर्गिक आहे म्हणजे अपाय होणारच नाही, हे वाक्य तर पानात येऊच देऊ नका. धोत्राबी नैसर्गिकच आहे.

माझं स्वतःचं मन खरं निसर्गोपचाराकडंच आहे. गांधीजींनी १९४६ साली उरुळीकांचनला आश्रम काढला, तिथं भर होता तो साधा आहार, पाणी, माती, ऊन, हवा आणि विश्रांतीवर. चालणं, वेळेवर झोप, जेवणात मीठ कमी, दिवसाला सगळं धरून ५ ग्रॅमच्या आत, जेवल्यावर लगेच चहा नको कारण चहानं जेवणातलं लोह अंगाला लागत नाही, त्याऐवजी पालेभाजीवर लिंबू पिळा. असल्या गोष्टींनी फायदा होतो, पैसा लागत नाही आणि कुणाचं वाईट होत नाही. पानाचा मोठा भाग याचाच ठेवा.

५. पानावरचा कायमचा चौकोन

पान आठवड्याचं आहे त्याचा एक मोठा फायदा आम्हाला उशिरा कळला. डेंगीचा डास अंड्यातनं उडण्यापर्यंत साधारण ८ ते १० दिवस घेतो. म्हणजे दर आठ दिवसाच्या आत भांडी रिकामी केली तर नवा डास तयारच होत नाही. म्हणून पानाच्या वरच्या कोपऱ्यात जूनपासनं दिवाळीपर्यंत एकच चौकोन: "उद्या कोरडा दिवस". बॅरल, हौद, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, जनावरांच्या गोठ्यातले टायर. नुसतं पाणी ओतू नका, आतनं घासा, अंडी कडेला चिकटून कोरडी राहतात आणि परत पाणी भरलं की फुटतात.

आणि खालच्या ओळीत नंबर: ॲम्ब्युलन्स १०८, आरोग्य सल्ला १०४, मन लागत नसेल, वाईट विचार येत असतील तर टेलिमानस १४४१६. हा शेवटचा नंबर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्याकडं एका वहिनींनी तो गुपचूप टिपून घेतला होता हे मला नंतर त्यांनीच सांगितलं.

६. बातम्या

दोन किंवा तीन, त्यातली एक गावातली पाहिजे. पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर टाकली का, लसीकरण कधी, शिबिर कुठं, मिरजेच्या सरकारी दवाखान्यात अमुक ओपीडी कुठल्या वारी. शिबिराची वेळ स्वतः फोन करून विचारल्याशिवाय लिहू नका, आमच्यातल्या म्हाताऱ्या बायका पदरच्या पैशानं एसटीनं जातात, हेलपाटा झाला की परत पानावर विश्वास ठेवत नाहीत.

पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती आलं ते लिहितो, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ ला ते ५७ च्या पुढं गेलं होतं, ते ज्यांनी बघितलंय ते हा आकडा रोज विचारतात. पूर ओसरल्यावर लगेच पाणी उकळणं, चिखलात अनवाणी न जाणं, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतानं घाण झालेल्या पाण्यातनं होणारा ताप, हे विषय घ्या.

बाहेरच्या बातम्या पेपरातनं घेतल्या तर चार प्रश्न विचारायचे. तारीख काय? व्हॉट्सॲपवर फिरणारी निम्मी बातमी जुनीच असते. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर? सांगणारा तेच औषध विकतोय का? आणि सरकारचं नाव असेल तर केंद्र सरकारच्याच पीआयबी फॅक्ट चेकनं ती खोटी म्हणून सांगितलंय का? ते २०१९ पासनं सरकारच्या नावावर फिरणाऱ्या बातम्या तपासतात.

दोन बाजू असतील तर दोन्ही लिहा. गुळवेलचं बघा. २०२१ ला मुंबईतल्या डॉक्टरांनी काही पेशंटना गुळवेलीनंतर लिव्हरचा त्रास झाल्याचं मांडलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. आम्ही दोन्ही लिहिलं आणि खाली टाकलं की काढा महिनोन्महिने पिऊ नका, डोळे-लघवी पिवळी दिसली तर बंद करून दवाखाना गाठा, आणि रानातली वेल स्वतः ओळखून तोडू नका.

जाहिरातीचं पण सांगते. पान चालायला लागलं की कुणीतरी येणारच, हजार रुपये देतो आमच्या शुगरच्या चूर्णाचं छापा. घेऊ नका. डायबेटीस, कॅन्सर असल्या आजारांवर हमखास औषध अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तो औषधी आणि जादुई उपायांच्या जाहिरातींचा कायदा. आमच्याकडं असा माणूस आला तेव्हा मी कायद्याचं नाव सांगितलं, परत आला नाही.

७. विनोद

विनोद पाहिजेच. विनोदासाठी लोक थांबतात आणि मग वरचं वाचतात, आम्ही दोनदा तो गाळून बघितला, डेअरीवर कुणी पानापाशी थांबेना. पण जाडेपणावर, टकलावर, बायकोवर, वेड लागलेल्यावर विनोद नको. गावात ते कुणालातरी लागतंच, एकमेकाकडं बघून हसतात.

चांगला विनोद उपायाचंच काम करतो. आमचे गाजलेले दोन देते, वापरा खुशाल.

डॉक्टर: आज्जी, मीठ निम्मं करा म्हटलं होतं, केलं का?
आज्जी: केलं की! निम्मं भाजीत घालते, निम्मं ताकात.

दुसरा:
सून: मामंजी, डॉक्टरांनी रोज चार फेऱ्या चालायला सांगितलंय, चालता ना?
मामंजी: चालतो की. टपरीपर्यंत एक फेरी, एक चहा.
सून: म्हणजे रोज चार चहा?
मामंजी: मंगळवारी जास्त बरं वाटलं, सहा फेऱ्या झाल्या.

पहिला लावला त्या आठवड्यात चार घरात ताकातल्या मिठावरनं चर्चा झाली. भाषण दिलं असतं तर झाली नसती.

८. लिहिणं आणि लावणं

अक्षर मोठं, डीटीपी केलं तर १६ च्या खाली नको. "प्रतिकारशक्ती वृद्धिंगत होते" असलं नको, "आजारपण कमी येतं" लिहा. लिहून झालं की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा, ते कुठं थांबवतात तिथं वाक्य बदला.

लावायच्या जागा: डेअरी, पिठाची गिरणी, रेशन दुकान, देवळाचा पार, एसटी स्टँड. सगळ्यात चांगली गिरणी, कारण दळण होईपर्यंत बायका उभ्याच असतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शुक्रवारी भजनाच्या आधी कुणीतरी मोठ्यानं वाचायचं, पाच मिनिटात होतं. शाळेतल्या पोरांना वाचायला द्या, आज्ज्या नातवाचं ऐकतात.

नागपंचमीच्या आठवड्यात, बत्तीस शिराळ्याच्या नागांच्या सणामुळं आपल्या जिल्ह्यात सगळीकडं सापाचाच विषय असतो, तेव्हा पूर्ण पान सापावर काढा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुख्य विषारी. चावल्यावर दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिक नाही. अंगठी-बांगड्या काढा, हात-पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन, नाहीतर मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना, सापाच्या विषावरची लस तिथं फुकट असते. साप मारून घेऊन जायची गरज नाही. हे पान आम्ही लॅमिनेट करून गिरणीत वर्षभर ठेवलंय.

९. चूक झाली तर

होणारच. पुढच्या बुधवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी सगळीकडचं पान उतरवायचं आणि त्याच जागी त्याच आकाराचा कागद लावायचा: "काल अमुक चुकीचं लिहिलं होतं, बरोबर असं आहे." खाली आपलं नाव. कारल्याच्या वेळी मी तसा कागद लावला आणि तात्यांच्या घरी जाऊनबी आले. त्यांनीच मग तो कागद डेअरीवर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला.

प्रत्येक पानाची एक प्रत फाईलला लावा, वर महिना लिहा. दुसऱ्या वर्षी तोच ऋतू आला की जुनं काढायचं, मॅडमना परत दाखवायचं, बदललेलं बदलायचं. पहिलं वर्ष जड जातं, नंतर बुधवारी सकाळी दोन तासात पान तयार होतं. पहिल्या पानाला विषय सुचत नसेल तर ओआरएसचंच घ्या, माप वर दिलंय, फक्त लावायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवा.